आधीच पाण्यात होते, परत पाण्यात घातले

"अरे, हे फोटो आधीच दीड दिवस पाण्यात होते, आता तू परत पाण्यातच घालतोयस?" मावशी म्हणाली ते काही चूक नव्हतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. मावशीचं घर तळमजल्यावर. पंख्याच्या पात्यांना चिखल लागला होता, म्हणजे पाणी कुठवर चढलं ते समजा. आम्ही पुण्याहून पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि मागे राहिला होता काळपट, बुळबुळीत, वास मारणारा गाळ. फ्रिज आडवा, गाद्या फुगून टम्म, आणि लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात तीन पिढ्यांचे अल्बम. मावशी ते दोरीवर वाळत घालायला निघाली होती. मी तिला थांबवलं, दोन बादल्या आणि पिठाची मोठी परात गार पाण्याने भरली आणि अल्बमची पानं त्यात सोडली.

आपण 'रोल धुवायला टाकलाय', 'फोटो धुऊन आले का' असं म्हणायचो ना, ते अक्षरशः खरं होतं. कागदावरचा फोटो जन्माला येतो तोच पाण्यात. आधी चित्र उमटवणारं रसायन म्हणजे डेव्हलपर, मग ते पक्कं करणारं हायपो आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली भरपूर धुणं. फोटोचं चित्र असतं जिलेटिनच्या पातळ थरात. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेलं प्रथिन, औषधाच्या कॅप्सूलचं असतं तेच. गार पाण्यात ते विरघळत नाही, फुगतं आणि मऊ पडतं. कोमट पाण्यात मात्र वितळायला लागतं, म्हणून गीझरचं पाणी नको.

खरा घोळ होतो तो वाळताना. फुगलेलं जिलेटिन शेजारच्या फोटोला टेकून वाळलं की त्याचा सरस होतो. सुतार वापरतात तो सरस याच जातीचा. मग फोटो सुटताना चेहरा एका कागदावर आणि धड दुसऱ्या कागदावर, अशी गत. शिवाय ओल्या प्रथिनावर बुरशी दोनेक दिवसांत धरते. त्यामुळे चिकटलेले फोटो आधी पाण्यातच अलगद सोडवायचे, चित्राच्या बाजूला बोट न लावता गाळ जाऊ द्यायचा आणि मग कोऱ्या कागदावर एकेक सुटा, चित्र वर करून वाळवायचा. वर्तमानपत्रावर ठेवलात तर अग्रलेखाची शाई आजोबांच्या पाठीवर उतरेल. एवढं करायला वेळच नसेल तर ओले फोटो पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत, बुरशी तिथे थांबते. आम्हाला हा मार्ग नव्हता, वीज आठवडाभर नव्हती.

हे मी कुठे शिकलो? जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर ढिगाऱ्यातून निघालेले फोटो स्वयंसेवकांनी असेच ट्रेमध्ये धुतले होते, त्याबद्दल वाचलं होतं. यामामोतो नावाच्या एका गावातच सुमारे साडेसात लाख फोटो गोळा झाले. घर गेलेली माणसं येऊन त्यातून आपले ओळखून घेऊन जायची.

तर परातीत काय झालं ते सांगतो. सगळ्यात जुने, काळ्या जाड पानांवर कॉर्नर लावून बसवलेले कृष्णधवल फोटो जवळजवळ सगळे वाचले. त्यांच्यात चित्र असतं ते धातूच्या चांदीचं. उजेड पडलेल्या जागी चांदीचे क्षार डेव्हलपरमध्ये बारीक तंतूंसारख्या चांदीत बदलतात आणि इतका बारीक धातू डोळ्यांना काळा दिसतो. उजेड न लागलेले क्षार हायपो विरघळवून काढतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ मध्येच नोंदवला होता, फोटोसाठी तो कामाला आला वीस वर्षांनी. हा हायपो नीट धुतला गेला नाही तर त्यातलं गंधक पुढे वर्षानुवर्षं चांदीला खात राहतं आणि फोटो पिवळा, तपकिरी पडतो. आमच्याकडे एकाच लग्नाचे सगळे फोटो पिवळे आणि आधीचे-नंतरचे ठणठणीत, असा प्रकार आहे. लग्नसराईत डार्करूममध्ये शेवटच्या धुण्याचा कंटाळा केला असणार, दुसरं काय!

जुना फोटो तिरका धरला की काळ्या भागावर आरशासारखी निळसर चमक दिसते, ती पाहिली आहे का? दमट हवेत चांदीचे कण गंजतात, त्यांचे आयन जिलेटिनमधून पृष्ठभागापर्यंत सरकतात आणि तिथे पुन्हा धातू होऊन बसतात. म्हणजे फोटोतली चांदी वर आलेली असते. पुसून काढायच्या भानगडीत पडू नका, पुसलं जातं ते चित्रच.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंची कहाणी वेगळी. रंगीत फोटोत शेवटी चांदी उरतच नाही. डेव्हलपिंगमध्ये आधी चांदी बनते, तिच्या सोबतीने तीन थरांत निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन सेंद्रिय रंग तयार होतात आणि मग चांदी रसायनाने काढून टाकतात. उरतो तो फक्त रंग, साडीवर असतो तसलाच. आणि साडीसारखाच तो विटतो. त्या काळच्या बऱ्याच कागदांवरचा निळसर रंग तर बंद अल्बमच्या अंधारातही टिकला नाही, म्हणून त्या वेळच्या डोहाळजेवणांत आणि मुंजींत सगळे जण लालबुंद दिसतात. मावशीच्या लग्नातला शालू हिरवा होता असं ती छातीठोक सांगते. फोटोत तो विटकरी आहे.

त्यातच तो चिकट पानांचा अल्बम! वर पारदर्शक प्लास्टिक, खाली डिंकाच्या रेघा, फोटो ठेवला की बसला. आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे होता आणि फोटोंचं जेवढं वाटोळं त्याने केलं तेवढं पुरानेही केलं नसेल. डिंक कालांतराने फोटोत मुरतो, प्लास्टिक त्याला घट्ट धरतं आणि फोटो कधीच सुटत नाही. लॅमिनेशनही तसंच. आठवण जपायची म्हणून झेरॉक्सच्या दुकानात आजीचा एकुलता एक फोटो गरम रोलरखालून काढणाऱ्यांना मी हात जोडतो. भिंतीवरच्या तसबिरीत काच फोटोला टेकलेली असेल तर कोकणातल्या पावसाळ्यात जिलेटिन काचेलाच चिकटतं. तसं झालं असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

आता डिजिटल. मावशीचा मुलगा हुशार. त्याने स्वतःच्या लग्नाचे फोटो हार्ड डिस्कवर ठेवले होते आणि शिवाय पेन ड्राइव्हवर बॅकअपसुद्धा. दोन्ही टीव्हीखालच्या एकाच ड्रॉवरमध्ये.

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून वाचणारं डोकं काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. आपला केस त्याच्यापुढे डोंगर. आत गाळाचा कण शिरल्यावर तिथे वीज देणं म्हणजे तबकडी खरवडून काढणं, आणि त्याने नेमकं तेच केलं, 'चालू होतेय का बघू' म्हणत. पेन ड्राइव्ह तर चेपूनच गेला होता, पण न चेपताही तो अमर नसतो. त्यात प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म पिंजऱ्यात कोंडलेले काही इलेक्ट्रॉन. कपाटात नुसता पडून राहिला तर वर्षानुवर्षांत ते निसटत जातात, उकाड्यात जास्तच. वीस वर्षांपूर्वी आपण घरी ज्या सीडी 'राइट' करायचो त्यांच्यात माहिती लिहिली जायची ती पुन्हा सेंद्रिय रंगाच्याच थरात. लाल पडलेल्या फोटोवरून आपण काहीच शिकलो नव्हतो.

कागद मरतो तो हळूहळू, आपल्या डोळ्यांदेखत. अर्धा पुसला तरी नाकावरून आत्या ओळखता येते. फाइल मात्र वीस वर्षं जशीच्या तशी राहते आणि एका सकाळी उघडत नाही. इंटरनेटच्या शिल्पकारांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांनी २०१५ मध्ये याच धोक्याबद्दल बोलताना, जे फोटो खरंच महत्त्वाचे आहेत त्यांचे प्रिंट काढून ठेवा, असा सल्ला दिला होता. तेव्हा ते गूगलचे उपाध्यक्ष होते!

पण फाइलकडे एक गोष्ट आहे जी कागदाकडे नाही. तिची नक्कल म्हणजे दुसरं अस्सलच. भावाच्या लग्नाचे चाळीसेक फोटो परत मिळाले ते न्यू जर्सीतल्या चुलतबहिणीच्या फोनमधून, कधीतरी व्हॉट्सॲपवर गेलेले. मिळाले, पण बारके होऊन. वहिनीचा चेहरा मोठा करून पाहिला तर नथीतले मोती चौकोनी.

हे चौकोन का दिसतात, त्यामागे एका भारतीयाचं डोकं आहे. जेपेग या फोटो दाबून साठवण्याच्या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा लहान-मोठ्या लाटांची बेरीज म्हणून मांडतात. डोळ्यांना फारसं न जाणवणाऱ्या बारीक लाटा ढोबळ करतात किंवा सरळ गाळतात. या बेरजेचं गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेत या कामासाठी अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. तरी काम पुरं करून त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये शोधनिबंध छापला. जेपेग मानक आलं १९९२ मध्ये. पाठवताना ॲपने फोटो जास्त दाबला की जास्त लाटा गळतात आणि तुकड्यांच्या कडा उघड्या पडतात. फोटो काढल्याची तारीखही वाटेत गळते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर मोती गोल राहिले असते.

आता भावाकडे प्रत्येक फोटोच्या तीन प्रती आहेत, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. यातलं 'दुसऱ्या गावी' सगळ्यात महत्त्वाचं, हे चिपळूणकरांना समजावून सांगावं लागत नाही.

वाळलेले फोटो मी पुण्याला आणून स्कॅन केले. साध्या प्रिंटला ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पुरतं, त्यापुढे कागदाचे तंतूच मोठे होतात. एक गंमत म्हणजे जगातलं पहिलं डिजिटल चित्र हे घरातल्या फोटोचं स्कॅनच होतं. १९५७ मध्ये रसेल कर्श या अमेरिकन अभियंत्याने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्वतः घडवलेल्या स्कॅनरवर लावला. पाच सेंटिमीटरचा चौरस, १७६ गुणिले १७६ पिक्सेल. म्हणजे कागद आणि पिक्सेल यांचं नातं पहिल्या दिवसापासून बाळाच्या फोटोवरूनच जुळलेलं.

स्कॅन करताना मला स्वतःबद्दल एक शंका आली. हर्णैच्या किनाऱ्यावर मी वाळूचा किल्ला करतोय, ही माझी सगळ्यात जुनी आठवण. पण त्या आठवणीत मी मलाच पाठमोरा दिसतो, अगदी फोटोत आहे तसा. आठवण किनाऱ्याची की फोटोची? २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ किम्बर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी वीस जणांना त्यांचा बालपणीचा फोटो उष्ण हवेच्या फुग्याच्या पाळण्यात चिकटवून दाखवला. त्यांच्यापैकी कोणीच फुग्यात बसलेलं नव्हतं, घरच्यांकडून तशी खात्री करून घेतली होती. तीन मुलाखतींनंतर निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार 'आठवली'. २०१४ मध्ये लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात उलटी बाजू तपासली. ज्या वस्तूंचे अख्खे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा लोकांना कमी आठवल्या. जवळ जाऊन एखादाच भाग टिपला तेव्हा मात्र तसं झालं नाही.

मी फोटोंच्या मागच्या बाजूही स्कॅन केल्या. स्टुडिओचा शिक्का, कॉपीचा नंबर, कधी हस्ताक्षर. पेनाची शाई पुरात वाहून गेली होती, आजीची पदार्थांची अख्खी वही निळ्या डागांची झाली होती. पण पेन्सिल म्हणजे ग्राफाइट, ते पाण्याला दाद देत नाही. एका फोटोत तीन मुलं, अंगणात, मागे गडगा. पाठीवर पेन्सिलीने: 'दापोली, मे १९५१. डावीकडून मी, ताई, बाळू (रडतोय).' हा 'मी' कोण, ते मावशीला सांगता येईना. हस्ताक्षर ताडून बघावं तर वही गेलेली.

दोन्ही बाजू घरच्या ग्रुपवर टाकल्या, डॉक्युमेंट म्हणून. रात्री डोंबिवलीच्या आत्याचा निरोप आला: "बाळू म्हणजे आमचे अण्णा. आणि रडत नाहीयेत हो ते, डोळ्यांवर ऊन आलंय."

फाइलच्या नावातून मी 'रडतोय' काढलं. पाठीवरचं तसंच आहे.