डेन्व्हरचे ज्यू क्षयरोगी आरोग्यधाम

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराला लागून पश्चिमेकडे एकेकाळी असलेले क्षयरोग्यांचे धर्मादाय रुग्णालय. पूर्ण नाव ‘ज्यूइश कन्झम्प्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी’. हे नाव लांबलचक असल्याने सगळीकडे ते ‘जेसीआरएस’ म्हणूनच ओळखले जाई. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कामगारांनी ते १९०४ मध्ये सुरू केले. त्यांच्यातल्या कित्येकांना स्वतःलाच क्षय झालेला होता. राहणे, जेवण, औषधपाणी सारे मोफत होते. ५० वर्षांत येथे सुमारे १०,००० रुग्ण राहून गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशियन साम्राज्यातले दंगे आणि दारिद्र्य यांना कंटाळून लाखो ज्यू अमेरिकेत उतरले. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळवजा इमारतींत एकेका खोलीत अख्खे कुटुंब राही आणि त्याच खोलीत शिवणकामही चाले. क्षयाला तेव्हा ‘शिंप्यांचा रोग’ म्हणत, ते उगीच नव्हे. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला, पण त्यावर औषध नव्हते. कोरडी हवा, ऊन, विश्रांती आणि भरपूर खाणे एवढाच उपाय डॉक्टर सांगत. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरची हवा क्षयाला मानवते असे सर्वत्र मानले जाई, म्हणून आगगाड्या भरभरून रोगी तिकडे येत. आपल्याकडे पाचगणीत बेल-एअरसारखे आरोग्यधाम उभे राहिले, त्यामागेही हाच विश्वास होता. पण डेन्व्हरला येणाऱ्यांपैकी अनेकांच्या खिशात परतीचे भाडेही नसे.

शहरात ज्यूंचे एक रुग्णालय आधीच होते. फ्रान्सिस वाइसबार्ट जेकब्ज या समाजसेविकेच्या खटपटीतून उभे राहिलेले ‘नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल’ १८९९ मध्ये उघडले. तेही मोफत आणि सर्वधर्मीयांसाठी खुले होते. त्याचे मोठेपण कमी नाही. मात्र सुरुवातीला तेथे रोगाच्या पहिल्या टप्प्यातलेच रुग्ण घेत, मुक्कामाची मुदत सहा महिन्यांची असे आणि स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणारे, नव्हते. ते चालवणारे बहुतेक जण जर्मन वंशाचे, अमेरिकेत स्थिरावलेले, सुधारक पंथाचे ज्यू होते. येणारे रोगी यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणारे, सनातनी किंवा समाजवादी, कफल्लक. ज्याचे फुप्फुस पार पोखरले आहे आणि जो महिन्या-दोन महिन्यांचा सोबती आहे, त्याने कुठे जायचे? जेसीआरएस याच प्रश्नातून जन्मले. रोग फार पुढे गेला आहे एवढ्या कारणावरून येथे कोणाला नाकारत नसत. बरे होणाऱ्यांची टक्केवारी घसरणार हे संस्थाचालकांना कळत होते, तरी त्यांनी हे धोरण सोडले नाही. ‘एक जीव वाचवणारा अवघे जग वाचवतो’ हे तालमूद या ज्यू धर्मग्रंथातले वचन त्यांचे ब्रीद होते आणि माझ्या मते या धोरणामुळेच ते ब्रीद खरे ठरले.

सप्टेंबर १९०४ मध्ये पहिले रुग्ण आले ते तंबूंत राहायला. पैसे नव्हते हे एक कारण. शिवाय मोकळी हवा हेच औषध असल्याने तंबू उपचारातही बसत होता. खाली लाकडी जमीन, वर कॅनव्हास. कोलोरॅडोच्या बर्फात माणसे त्यांत झोपत. पुढे पक्क्या इमारती झाल्या, पण त्यांनाही लांबरुंद व्हरांडे ठेवले होते. तेथे ओळीने खाटा मांडलेल्या असत आणि गळ्यापर्यंत घोंगड्या ओढून रुग्ण तासन् तास पडून राहत. बोलणे कमी, हालचाल कमी, थुंकी डबीतच टाकायची. रोज ताप मोजायचा, दर आठवड्याला वजन. अर्धा किलो वजन वाढले की आनंद; खोकल्याबरोबर रक्त पडले की शेजारच्या खाटांवरही शांतता.

खाण्यावर सारा भर होता: दूध, कच्ची अंडी, लोणी, मांस. येथेच कोशर स्वयंपाकाची कसोटी लागे, कारण धर्मनियमाप्रमाणे मांस आणि दूध एकत्र चालत नाही. भांडीसुद्धा वेगळी लागतात. (कोकणातल्या बेने इस्राएल घरांनाही हा नियम ओळखीचा आहे.) परक्या मुलुखात मरणाच्या छायेत पडलेल्या माणसाला आपल्या आईच्या पद्धतीचे अन्न मिळणे याची किंमत वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. संस्थेने स्वतःची दुग्धशाळा आणि कोंबड्याही पाळल्या. आवार वाढत १०० एकरांपुढे गेले, तेथे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) आणि ग्रंथालय झाले, टपाल कार्यालयही आले.

त्या टपाल कार्यालयाला नाव मिळाले ‘स्पिव्हाक’, डॉ. चार्ल्स स्पिव्हाक यांच्यावरून. ते रशियन साम्राज्यातून आलेले, फिलाडेल्फियात वैद्यक शिकलेले. पत्नीच्या आजारपणामुळे १८९६ मध्ये डेन्व्हरला आले आणि १९०४ पासून १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत संस्थेचे सचिव राहिले. त्यांना भाषेचेही वेड होते. क्षयामुळेच डेन्व्हरला आलेले यिडिश कवी येहोआश यांच्यासोबत त्यांनी यिडिशमधल्या हिब्रू शब्दांचा कोश केला. आपला देह विच्छेदनासाठी द्यावा आणि सांगाडा जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाला पाठवावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. पुढे १९३० च्या दशकात एच. लाइव्हिक हे आणखी एक मोठे यिडिश कवी येथे रुग्ण म्हणून राहिले आणि खाटेवरच्या दिवसांवर त्यांनी कविता लिहिल्या.

रुग्णांचे खरे दुःख ताटातुटीचे होते. बहुतेक जण ऐन उमेदीतले. बायको-मुले हजारो किलोमीटर दूर, आणि कमावता माणूस खाटेवर. काही कुटुंबे मागोमाग डेन्व्हरला येत, तेव्हा मुलांना सांभाळायचे कोणी हा पेच पडे. फॅनी लॉर्बर आणि त्यांच्या मैत्रिणींनी १९०७ मध्ये अशा मुलांसाठी वेगळे बालगृह सुरू केले.

पैसा आला तो मुख्यतः गोरगरिबांकडून. गावोगावच्या महिला मंडळांनी आणि कामगार संघटनांनी नाणे-नाणे गोळा केले. आज देणगी देणाऱ्याला उद्या स्वतःच तेथे जावे लागेल ही भीती खरी होती, म्हणून त्याला भीक म्हणवत नव्हते.

विसाव्या शतकात फुप्फुस दाबून ठेवण्याच्या आणि फासळ्या काढण्याच्या शस्त्रक्रिया आल्या. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध सापडले आणि चित्र पालटले. घरी राहून घेतलेली औषधे आरोग्यधामाइतकीच गुणकारी ठरतात, हे तर १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिले. जेसीआरएसने त्याआधीच, १९५४ मध्ये, नाव बदलून कर्करोगाकडे मोर्चा वळवला. जुन्या रुग्णांच्या नोंदी डेन्व्हर विद्यापीठाच्या संग्रहात आहेत: वय, जन्मगाव, धंदा, अमेरिकेत किती वर्षे. आजोबा-पणजोबांचा माग काढणारी नातवंडे त्या चाळतात.