पेरी, फ्रेड

पेरी, फ्रेडरिक जॉन : (१८ मे १९०९–२ फेब्रुवारी १९९५). टेबल टेनिस आणि लॉन टेनिस या दोन्ही खेळांत जागतिक पातळीवर अव्वल ठरलेले इंग्लिश खेळाडू आणि त्यांच्याच नावाने चालणाऱ्या क्रीडावस्त्रांच्या व्यवसायाचे सहसंस्थापक. १९२९ मध्ये ते टेबल टेनिसचे विश्वविजेते झाले. १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षे त्यांनी विंबल्डनचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले आणि ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन व अमेरिकन या चारही प्रमुख स्पर्धा एकेरीत जिंकणारे ते पहिले खेळाडू ठरले. दोन खेळ आणि एक धंदा अशी त्यांच्या आयुष्याची तीन वेगळी प्रकरणे पाडण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी पुरेसा नाही. कारण टेबलावर कमावलेले मनगट त्यांना हिरवळीवर उपयोगी पडले आणि त्याच मनगटाला काय लागते याची जाण त्यांना धंद्यात उपयोगी पडली.

पेरी यांचा जन्म इंग्लंडच्या चेशर परगण्यातील स्टॉकपोर्ट या कापडगिरण्यांच्या गावी झाला. वडील सॅम्युअल पेरी हे सूतगिरणीत काम केलेले, सहकारी चळवळीतून पुढे आलेले कार्यकर्ते होते. पुढे ते को-ऑपरेटिव्ह पक्षाचे राष्ट्रीय सचिव झाले आणि केटरिंग मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. वडिलांच्या कामामुळे कुटुंब लंडनच्या पश्चिमेकडील ईलिंग भागातील ब्रेंटम या वसाहतीत राहायला आले. ही वसाहत सहकारी तत्त्वावर उभारलेली होती आणि तिच्या संस्थेच्या आवारात टेनिसची मैदाने होती. एका गिरणी कामगाराच्या मुलाला त्या काळी रॅकेट सहजासहजी हाती लागत नसे. ती पेरी यांच्या हाती आली याचे बरेचसे श्रेय या वसाहतीला द्यावे लागते.

पहिले यश मात्र टेबल टेनिसमध्ये मिळाले. १९२६ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाल्यापासून या खेळावर हंगेरीच्या खेळाडूंचे वर्चस्व होते. १९२९ ची स्पर्धा तर त्यांच्याच राजधानीत, बुडापेस्टमध्ये भरली होती. तेथे अंतिम सामन्यात मिक्लोश साबादोश या यजमान देशाच्या खेळाडूला हरवून पेरी विश्वविजेते झाले, तेव्हा त्यांना विसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. त्यानंतर त्यांनी हा खेळ जवळजवळ तत्काळ सोडला. वडिलांचाही आग्रह एकाच खेळाकडे पूर्ण लक्ष देण्याचा होता आणि टेनिसमध्ये जम बसेपर्यंतचा खर्च उचलण्याची तयारी त्यांनी दाखवली. १९३० च्या विंबल्डनमध्ये पेरी यांनी मानांकित इटालियन खेळाडू उंबेर्तो दे मोरपुर्गो यांना हरवले आणि ब्रिटिश टेनिस संघटनेच्या परदेश दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली.

त्यांच्या टेनिसचे वैशिष्ट्य फोरहँडमध्ये, म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारलेल्या फटक्यात, होते, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. त्या काळचे बहुतेक खेळाडू टप्पा पडलेला चेंडू वर येऊन पुन्हा खाली येऊ लागला की लांब, डौलदार फटका मारीत. पेरी चेंडू टप्प्यातून वर येत असतानाच, म्हणजे सर्वसाधारण खेळाडूपेक्षा निमिषभर आधी, मनगटाच्या झटक्याने तो परतवीत. टेबलावर चेंडूसाठी वाट पाहायला वेळच नसतो; ती सवय हिरवळीवर उतरल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला मागच्या फटक्यातून सावरायलाही अवधी मिळत नसे. हा फटका आपोआप आलेला नव्हता. ‘पॉप्स’ समर्स या मार्गदर्शकांनी त्यांच्याकडून चेंडू लवकर घेण्याचा सराव महिनोन् महिने करून घेतला आणि त्या काळात पेरी यांना चेंडू मैदानाबाहेर जाण्याचा, सामने गमावण्याचा त्रास सोसावा लागला. अशा फटक्यासाठी प्रत्येक वेळी योग्य जागी लवकर पोहोचावे लागते. म्हणून त्यांनी शारीरिक क्षमतेवर असाधारण भर दिला आणि लंडनच्या आर्सेनल फुटबॉल संघाबरोबर व्यायाम केला. पाचव्या सेटमध्येही ते ताजेतवाने दिसत, आणि तसे दिसण्याचा प्रतिस्पर्ध्यावर काय परिणाम होतो हेही ते जाणून होते.

१९३३ मध्ये पॅरिस येथे फ्रान्सला ३–२ असे हरवून ब्रिटनने १९१२ नंतर प्रथमच डेव्हिस चषक ही देशांच्या संघांमधील स्पर्धा जिंकली. पहिल्या दिवशी पेरी यांनी आंरी कोशे यांना पाच सेटमध्ये नमवले आणि निर्णायक सामन्यात आंद्रे मेर्लें यांच्यावर पिछाडीवरून मात केली. हा चषक ब्रिटनकडे १९३६ पर्यंत, सलग चार वर्षे राहिला. १९३३ मध्येच अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेरी यांनी ऑस्ट्रेलियाच्या जॅक क्रॉफर्ड यांना हरवले. क्रॉफर्ड यांनी त्या वर्षीच्या इतर तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या होत्या. एकाच वर्षात चारही जिंकण्याचा पराक्रम त्यांच्यापासून एका सामन्यावर येऊन थांबला. १९३४ मध्ये पेरी यांनी ऑस्ट्रेलियन, विंबल्डन व अमेरिकन स्पर्धा जिंकल्या आणि १९३५ मध्ये फ्रेंच स्पर्धेत जर्मनीच्या गोटफ्रीड फॉन क्राम यांना हरवून चारही विजेतेपदांचे वर्तुळ पूर्ण केले. विंबल्डनच्या १९३५ आणि १९३६ च्या अंतिम सामन्यांतही फॉन क्राम हेच प्रतिस्पर्धी होते. दुसऱ्या सामन्यात दुखापतीने त्रस्त झालेल्या फॉन क्राम यांच्यावर पेरी यांनी ६–१, ६–१, ६–० असा विजय मिळवला. एकेरीची ८ आणि दुहेरी व मिश्र दुहेरी धरून एकूण १४ प्रमुख विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत.

इतके यश मिळवूनही इंग्लंडच्या टेनिस वर्तुळात ते उपरेच राहिले. टेनिस हा तेव्हा उच्चभ्रू, खाजगी शाळांत शिकलेल्या लोकांचा खेळ होता, आणि जिंकण्याची उघड ईर्षा तेथे असभ्य मानली जाई. पेरी यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की १९३४ च्या विंबल्डन विजयानंतर कपडे बदलण्याच्या खोलीत, ही स्पर्धा भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबचे एक पदाधिकारी, आज चांगला माणूस हरला अशा अर्थाचे शब्द पराभूत क्रॉफर्ड यांना सांगत असल्याचे त्यांनी ऐकले. विजेत्याला मिळणारा क्लबच्या सन्माननीय सदस्यत्वाचा टाय त्यांच्या हाती न देता खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलेला होता. हा प्रसंग त्यांच्या मनातून अखेरपर्यंत गेला नाही.

या अवमानामागे केवळ स्वभाव नव्हते, तर एक व्यवस्था होती. प्रमुख स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या आणि खेळातून पैसे मिळवणारा खेळाडू त्यांतून कायमचा बाद होत असे. या नियमाचे समर्थन खेळाच्या शुद्धतेच्या नावाने केले जाई; प्रत्यक्षात घरची मिळकत असलेल्यालाच तो पाळणे परवडत असे. पेरी यांच्यापुढे दोनच मार्ग होते: मान घेऊन रिकाम्या हाताने निवृत्त होणे किंवा मान गमावून उपजीविका मिळवणे. १९३६ मध्ये अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डॉन बज यांना पाच सेटमध्ये हरवल्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी व्यावसायिक होण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे ऑल इंग्लंड क्लबचे सदस्यत्व गेले आणि ज्या मैदानावर त्यांनी तीनदा विजय मिळवला होता तेथे स्पर्धा खेळण्याचा हक्कही गेला. हौशी-व्यावसायिक हा भेद विंबल्डनने १९६८ मध्ये रद्द केला, तेव्हा पेरी एकोणसाठीला आले होते.

जानेवारी १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एल्सवर्थ व्हाइन्स यांच्याविरुद्ध त्यांनी पहिला व्यावसायिक सामना खेळला आणि जिंकला. पुढे या दोघांनी शहरोशहरी सामन्यांची मालिका खेळली. बंदिस्त सभागृहांत कापडी पृष्ठभाग अंथरायचा, सामना खेळायचा, सारे गुंडाळून पुढच्या गावी जायचे, असा तो क्रम होता. मिळालेल्या पैशातून पेरी आणि व्हाइन्स यांनी कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स टेनिस क्लब विकत घेतला. पेरी यांचा हा पहिला मोठा व्यवसाय. हॉलिवूडचे नटनट्या हे त्याचे गिऱ्हाईक होते, आणि क्लबच्या उद्घाटनाच्या सामन्यात पेरी यांनी चार्ली चॅप्लिन यांना, तर व्हाइन्स यांनी ग्राउचो मार्क्स यांना जोडीदार म्हणून घेतले होते. १९३८ आणि १९४१ मध्ये पेरी यांनी अमेरिकेची व्यावसायिक स्पर्धाही जिंकली. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात सेवा केली. १९४१ च्या डिसेंबरात सामन्यादरम्यान पडून उजव्या कोपराला झालेल्या गंभीर दुखापतीनंतर त्यांच्या खेळाला पूर्वीची धार आली नाही.

वस्त्रव्यवसायाची सुरुवात एका अगदी छोट्या वस्तूपासून झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस टिबी वेग्नर हे ऑस्ट्रियाचे माजी फुटबॉलपटू मनगटावर बांधून घाम टिपण्याचे एक साधन घेऊन पेरी यांच्याकडे आले. दंडावरून ओघळणारा घाम तळहातात उतरला की रॅकेटची मूठ निसटू लागते, आणि मनगटाच्या झटक्यावर सारा खेळ उभारलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पेरी यांनी त्या साधनात बदल सुचवले आणि त्यातून आज सर्व खेळांत दिसणारा मनगटपट्टा तयार झाला. तो खपवण्याची त्यांची पद्धत साधी होती: आघाडीच्या खेळाडूंना तो भेट द्यायचा आणि प्रेक्षकांना तो त्यांच्या हातावर दिसू द्यायचा. खेळाडूच्या अंगावरची वस्तू हीच जाहिरात, ही कल्पना आज सर्वमान्य असली तरी तेव्हा ती रुजलेली नव्हती.

त्यानंतर वेग्नर यांनी शर्टाची कल्पना मांडली. फ्रान्समध्ये रने लाकोस्त या टेनिसपटूने १९३३ मध्येच मगरीचे चिन्ह असलेला आखूड बाह्यांचा विणलेला शर्ट बाजारात आणला होता, त्यामुळे कल्पना पूर्णपणे नवी होती असे म्हणता येणार नाही. पेरी यांचा पांढरा, कॉलरचा, खडबडीत पोताच्या सुती विणीचा शर्ट १९५२ च्या विंबल्डनच्या वेळी विक्रीस आला आणि लगेच लोकप्रिय झाला. बोधचिन्ह म्हणून पेरी यांना आपला आवडता धूम्रपानाचा पाइप हवा होता. तो तरुणींना रुचणार नाही, असे सांगून वेग्नर यांनी त्यांना परावृत्त केले. अखेर विंबल्डनच्या जुन्या चिन्हावर आधारलेली लॉरेलच्या पानांची माळ निवडण्यात आली. ती छापलेली किंवा चिकटवलेली नव्हती, तर छातीवर धाग्याने भरलेली होती. ज्या क्लबने सदस्यत्व काढून घेतले त्याच्याच परंपरेतील विजयचिन्ह त्या क्लबच्या संमतीने पेरी यांच्या मालावर आले, ही गोष्ट त्यांच्या व्यवहारकुशलतेइतकीच त्यांच्या चिकाटीचीही साक्ष देते.

खेळातून निवृत्त झाल्यावर पेरी यांनी अनेक वर्षे बीबीसीसाठी टेनिसचे समालोचन केले. १९८४ मध्ये, पहिल्या विजयाला ५० वर्षे झाल्यानिमित्त, विंबल्डनच्या आवारात त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभारण्यात आला. त्यांचे चार विवाह झाले. ऑस्ट्रेलियन स्पर्धेसाठी गेले असता मेलबर्न येथे त्यांचे निधन झाले. विंबल्डनच्या पुरुष एकेरीत त्यांच्यानंतरचा पहिला ब्रिटिश विजेता म्हणजे अँडी मरी. त्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले.

त्यांच्या नावाचा शर्ट मात्र टेनिसच्या मैदानापुरता राहिला नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमधील ‘मॉड’ म्हणवणाऱ्या, नीटस पोशाखाच्या शौकीन तरुणांनी तो स्वीकारला आणि पांढऱ्याशिवाय इतर रंगांची मागणी केली. कॉलर व बाहीच्या कडेला दुहेरी रेघ असलेला प्रकार त्यांच्याच काळात रूढ झाला. पुढे स्किनहेड व पंक या तरुणांच्या गटांनी आणि नव्वदीच्या दशकातील ब्रिटिश पॉप वादकांनी तो आपापल्या पिढीचा वेश बनवला. कामगार वस्तीतल्या मुलाला तो नीटनेटका, थोडा प्रतिष्ठेचा आणि तरीही परवडणारा वाटे. १९९५ पासून या कंपनीची मालकी हिट युनियन या जपानी कंपनीकडे आहे. अमेरिकेतील ‘प्राउड बॉइज’ या अतिउजव्या संघटनेने काळ्या-पिवळ्या रंगाचा शर्ट गणवेशासारखा वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा कंपनीने त्या रंगाची विक्री अमेरिका व कॅनडात बंद केल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. त्याआधी, २०१७ मध्ये, कंपनीच्या अध्यक्षांनी या संघटनेशी असलेला संबंध नाकारताना संस्थापकाच्या चरित्राचाच आधार घेतला होता: फ्रेड पेरी हे कामगारवर्गातून आलेल्या समाजवादी संसद सदस्याचे पुत्र होते आणि त्यांनी हा धंदा पूर्व युरोपातून आलेल्या एका ज्यू भागीदाराबरोबर (म्हणजे वेग्नर यांच्याबरोबर) सुरू केला होता.