पिस्तुलाला हलकाच छर्रा? तसा नियम नाही

सांगलीत एअर पिस्तूल शिकायला आलेल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं: ‘जड छर्रा रायफलचा, पिस्तुलाला हलकाच.’ छर्ऱ्यांच्या डब्यांवरही तसंच छापलेलं असतं, म्हणून हा समज हटत नाही.

०.४९ आणि ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्यात १० मीटरवर फरक पडतो तो छिद्र थोडं वर-खाली होण्याचा. साइटचे, म्हणजे नेम धरायच्या पट्टीचे, क्लिक फिरवले की तो भरून निघतो. खरा प्रश्न, छर्रा तुमच्या नळीत कसा बसतो. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं! पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवा, प्रत्येक डब्यातले पाच छर्रे वेगळ्या कार्डावर मारा. पाचही छिद्रं एकात एक मिसळून एकच भोक दिसलं, तर तोच डबा घ्या, मग तो जड का असेना. मागचा पोकळ घेर चेपलेला छर्रा मात्र आधीच बाजूला काढा.