गाव सावरलं, माणसं खचली

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशातलं यादवी युद्ध १९९१ ते २००२ असं चाललं. पन्नास हजारांहून जास्त माणसं मेली, हजारोंचे हात-पाय तोडले गेले. युद्ध संपल्यावर खटले चालले ते मोजक्या म्होरक्यांवर. ज्यानं शेजाऱ्याचं घर जाळलं तो मात्र पुन्हा त्याच गावात, त्याच शेजाऱ्यासमोर राहायला आला.

अशा गावांसाठी ‘फांबुल टॉक’ या संस्थेनं समेटाचे कार्यक्रम सुरू केले. रात्री मोठी शेकोटी पेटते, भोवती सगळं गाव बसतं. ज्यानं सोसलं तो उठून काय घडलं ते सांगतो. ज्यानं केलं तो कबुली देऊन माफी मागू शकतो. त्याला शिक्षा नाही आणि सोसणाऱ्याला भरपाईही नाही.

याचा खरंच उपयोग होतो का? हे तपासणं अवघड असतं, कारण मुळात सलोखा असलेली गावंच अशा कार्यक्रमाला आधी तयार होतील आणि श्रेय मात्र कार्यक्रमाला मिळेल. म्हणून जॅकोबस सिलियर्स, ओइंद्रिला दुबे आणि बिलाल सिद्दिकी या संशोधकांनी २०० गावं घेतली आणि त्यांतल्या निम्म्या गावांत कार्यक्रम आधी व्हावा असं ठरवलं. कोणती गावं आधी, हे सोडतीनं ठरलं. मग नऊ आणि एकतीस महिन्यांनी दोन्हीकडच्या लोकांशी बोलून तुलना केली.

२०१६ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेले निष्कर्ष वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. कार्यक्रम झालेल्या गावांत लोकांनी जास्त प्रमाणात माफ केलं होतं. मैत्री वाढली होती, गावाच्या कामांना लोक जास्त हातभार लावत होते. पण त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि आघातानंतरचा मनोविकारही जास्त आढळला. दोन्ही परिणाम एकतीस महिन्यांनंतरही टिकून होते.

असं का होत असावं? भीषण आठवण बोलून दाखवणं हा आघातावरच्या उपचारांचाही भाग असतो. पण तिथं प्रशिक्षित व्यक्ती सोबत असते आणि साधारण आठ ते पंधरा सत्रांत तीच आठवण पुन्हा पुन्हा, सावकाश हाताळली जाते. हळूहळू तिची धार बोथट होते. शेकोटीभोवती जखम एकदा उघडली जाते आणि सकाळी जो तो आपापल्या कामाला लागतो. रवांडातही, १९९४च्या वंशसंहारानंतर भरलेल्या ‘गाचाचा’ या गावन्यायालयांत साक्ष दिलेल्यांमध्ये असाच त्रास जास्त दिसला होता.

म्हणून समेट करूच नये, असं मी म्हणणार नाही. गावांना झालेला फायदा खरा आहे. पण त्या फायद्यासाठी ज्यांनी आधीच सगळं गमावलं त्यांनाच पुन्हा किंमत मोजायला लावणं मला पटत नाही. संशोधकांनीही समेटाची पद्धत बदलून हा मानसिक भार कमी करायला हवा असं सुचवलं आहे. माझ्या मते बोलणाऱ्याला आधी तयार करणं, नंतर महिनोनमहिने कुणीतरी त्याच्या घरी जात राहणं, याचा खर्च शेकोटीच्या रात्रीइतकाच आवश्यक धरला पाहिजे.