बघ्यांची गर्दी पुढे का येत नाही? मुंबईपुरती पार्श्वभूमी

जून २०२४ मध्ये वसईत भर सकाळी रस्त्यात एका तरुणीला पान्याने मारून मारून संपवलं आणि बाजूने माणसं जात राहिली, काही जण मोबाईलवर शूट करत राहिले. ती क्लिप सगळ्यांनी पाहिलीय, तपशील परत नकोत. पण त्यातली एक गोष्ट चर्चेत पार हरवली. सुरुवातीला एक जण मध्ये पडला होता, त्याने मारणाऱ्याला धरायचा प्रयत्न केला, तो याच्याच अंगावर आला तेव्हा हा मागे सरला, आणि याला साथ द्यायला दुसरं कोणी पुढे झालं नाही. मग नेहमीसारखं सुरू झालं, माणुसकी मेली, मुंबईकर बधिर झाला वगैरे. मला हे निदान मुळातच चुकीचं वाटतं, म्हणून ही पार्श्वभूमी.

या विषयावर जगभर जे बोललं जातं त्याचं मूळ १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका तरुणीच्या खुनात आहे. ३८ जणांनी बघितलं आणि कोणी पोलिसांना फोन केला नाही, अशी बातमी आली. त्यावरून १९६८ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. खोलीत धूर सोडला तेव्हा एकटा बसलेला माणूस ७५ टक्के वेळा उठून सांगायला गेला, पण सोबत ढिम्म बसून राहणारे दोघे असले की हेच प्रमाण १० टक्क्यांवर आलं. म्हणजे गर्दीत प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणीतरी बघेल. हे खरंच आहे, पण मूळ बातमीच फुगवलेली होती. प्रत्यक्ष हल्ला बघणारे फार थोडे होते, एक शेजारीण खाली धावत जाऊन त्या मुलीला कुशीत घेऊन बसली होती, आणि छापणाऱ्या वर्तमानपत्राने २०१६ मध्ये बातमीतल्या चुका मान्य केल्या. २०१९ मध्ये तीन देशांतली रस्त्यावरच्या भांडणांची २१९ सीसीटीव्ही फुटेज तपासली तर दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलेलं दिसलं. तरी आपल्याकडे अजून ती ३८ जणांचीच गोष्ट सांगितली जाते.

मुंबईचं बघायचं तर दोन घटना प्रत्येकाच्या डोक्यात असतात. ऑगस्ट २००२ मध्ये बोरिवलीकडे जाणाऱ्या रात्रीच्या लोकलमध्ये, डब्यात प्रवासी असताना, एका मानसिक अपंगत्व असलेल्या मुलीवर बलात्कार झाला. आणि ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीत आंबोलीला मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकलं म्हणून दोन तरुणांना भोसकलं, आजूबाजूला भरपूर लोक होते, दोघेही गेले. मे २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्या केसमध्ये कोर्टात उभे राहून सांगणारे सोबतचे मित्रमैत्रिणी होते, आणि एवढ्या जवळच्या माणसांनाही निकालासाठी साडेचार वर्षं थांबावं लागलं.

आता याच शहराचं दुसरं टोक बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यावर उभं राहून बिस्किटं आणि पाणी वाटलं. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये बॉम्ब फुटले तेव्हा रुळांच्या कडेच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि चादरीची झोळी करून जखमींना उचलून नेलं, सरकारी मदत नंतर आली. माणसं तीच, शहर तेच. फरक एवढाच की पुरात कोणाविरुद्ध साक्ष द्यायची नसते, समोर कोणी गुंड नसतो जो उद्या नाक्यावर परत भेटणार आहे. म्हणून मी म्हणतो, लोकांना मदतीची भीती नाही, मदतीनंतर जे मागे लागतं त्याची भीती आहे.

ते मागे लागणं म्हणजे काय हे मुंबईत नोकरी करणाऱ्याला समजवायची गरज नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण जुन्या पिढ्यांकडून ऐकत आलोय, इंग्रजांच्या काळापर्यंत मी मागे जात नाही. पण पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली की वर्षानुवर्षांनी समन्स येतं, सुट्टी टाकून जायचं, दिवसभर बाकावर बसायचं आणि संध्याकाळी कळतं की पुढची तारीख पडली. आरोपी समोरच, बाहेर त्याचे चार मित्र. साक्षीदार फितूर झाला अशी बातमी आपण वाचतो तेव्हा त्याला किती तारखा झाल्या होत्या ते त्या बातमीत नसतं.

यावर पहिलं ठोस पाऊल १९८९ मध्ये पडलं. आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, असं सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना बजावलं. पण जखमीला घेऊन आलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. त्यावर २०१२ मध्ये याचिका झाली, २०१५ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, मार्च २०१६ मध्ये कोर्टाने ती बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलं. मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून दिवाणी किंवा फौजदारी कारवाई नाही, नाव सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटलने अडवून ठेवायचं नाही की पैसे मागायचे नाहीत, स्वतःहून साक्षीदार झाला तर शक्यतो एकदाच चौकशी. उत्तम आहे हे, यात वादच नाही.

वाद आहे तो हे मोटार वाहन कायद्यातच बसवलं याचा, आणि माझ्या मते सगळं इथेच अडकलं. कलमात शब्द असे आहेत की मोटार वाहनाचा संबंध असलेला अपघात. म्हणजे हायवेवर ट्रकने उडवलेल्या माणसाला उचललं तर तुम्हाला संरक्षण आहे. पण कुर्ला आणि सायनच्या मध्ये लोकलमधून पडलेल्या माणसाला रुळावरून उचललं तर हे कलम तुमचं नाही, कारण लोकल मोटार वाहनात मोडत नाही, आणि मुंबईत माणूस रोज बघतो तो अपघात तर हाच. तिथे काय होतं तेही बघा, स्टेशन मास्तरचा मेमो निघतो, रेल्वे पोलीस आणि हमाल स्ट्रेचर घेऊन येतात आणि तोपर्यंत प्लॅटफॉर्मवरची माणसं मान वळवून बघत राहतात, कारण हात लावला तर आपल्याला विचारतील हेच वर्षानुवर्षं डोक्यात बसलंय. आणि मारामारी, छेडछाड, वसईसारखा हल्ला, यात मध्ये पडणारा तर १३४ए पासून फारच लांब. बाजू घेणारे म्हणतात की याचिकाच रस्त्यावरच्या मृत्यूंबद्दल होती, कुठूनतरी सुरुवात हवी होती, आणि मदत करणारा वेगळा व साक्षीदार वेगळा, दोघांना एकच नियम लावला तर खटले उभेच राहणार नाहीत. मुद्दा दमदार आहे, मान्य. पण सुरुवात म्हणून केलेलं तिथेच थांबलं, २०२१ मध्ये ५००० रुपयांचं बक्षीस आलं, २०२५ मध्ये ते २५,००० झालं, तेही मोटार अपघातापुरतंच. रक्कम वाढली, कक्षा होती तिथेच.

साक्षीदारांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने संरक्षण योजना मंजूर केली आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत प्रत्येक राज्याने अशी योजना करायची असं कलमच आहे. २०१८ च्या योजनेत मोठ्या शिक्षेचे गुन्हे आणि विनयभंगाची कलमं धरलीत, अर्ज करायचा, पोलिसांचा धोक्याचा अहवाल येतो, मग संरक्षण मिळतं. रोजच्या गोष्टी, म्हणजे राँग साईडने येणारी बाईक, सोसायटीत रात्री बारापर्यंत चालणारा डीजे, यांना ती लागू नाही.

आणि गप्प बसायची सवय तर या रोजच्या गोष्टींतूनच लागते. रात्री कोणीतरी वैतागून पोलिसांना फोन करतं, हवालदार येतो आणि गेटवर वॉचमनला विचारतो, फोन कोणी केला, चौथ्या मजल्यावरचे का. सकाळपर्यंत ते सगळ्या बिल्डिंगला माहीत, लिफ्टमध्ये बोलणं बंद, मग कधी पार्किंगमध्ये गाडीवर ओरखडा. पुढच्या वेळी तो माणूस खिडकी लावून घेतो आणि त्याची मुलंही हे बघत असतात. म्हणून जानेवारी २०२५ चा मुंबई हायकोर्टाचा आदेश मला या सगळ्या इतिहासात सर्वात कामाचा वाटतो, कुर्ल्याच्या नेहरूनगरातल्या रहिवाशांच्या याचिकेवरचा. आवाजाची तक्रार आली की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारायची नाही, त्याच्यावर रोष येऊ नये म्हणून, आणि कारवाई करायची, आधी समज, मग दंड, मग भोंगा जप्त. हा आदेश आवाजापुरता आहे, पण छेडछाड, पार्किंगची दादागिरी, फुटपाथवरची मारहाण, या प्रत्येक फोनला हाच नियम लावायला कायदा बदलायची वाट बघायची गरज नाही, हवालदाराने गेटवर तो एक प्रश्न विचारायचा नाही असं वरून लेखी कळवलं तरी पुरेल.