टोपी चपटी झाली म्हणजे दाब वाढलाच का?

कारखान्यात भरलेलं काडतूस उडवल्यावर रायफलच्या बोल्टची (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ जड वर आली, की नेमबाजाचा हात आधी पुंगळीकडे, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याकडे जातो. पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी चपटी झालीय का, पिनेच्या खड्ड्याभोवती कडा उठलीय का, बुडाच्या पितळेवर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) भोकाचा चकचकीत ठसा आलाय का, हे तो बघतो. ही सवय चांगली आहे. मात्र या खुणांवर किती भरवसा ठेवायचा, हे त्यांचा इतिहास माहीत असल्याशिवाय कळत नाही.

नळीतला दाब मोजण्याची सोय 1860च्या आसपास झाली. अमेरिकेत रॉडमन आणि ब्रिटनमध्ये अँड्र्यू नोबल या तोफखान्याच्या माणसांनी तांब्याला साक्षीदार केलं. नोबलच्या पद्धतीत नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवायचा, त्याच्यावर तांब्याचा छोटा दंडगोल ठेवायचा. बार उडाला की तांबं चेपतं, आणि किती चेपलं यावरून दाबाचा आकडा काढायचा. ही सोय प्रयोगशाळेपुरतीच होती. शिकारी किंवा शिपाई यांच्याकडे मोजायला उरली ती पितळेची पुंगळी.

बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या जमान्यात याची फार निकड नव्हती. 1884मध्ये पॉल व्हिएय याने फ्रान्समध्ये धूरविरहित दारू बनवली आणि दाब एकदम चढले. ब्रिटिशांनी 1889मध्ये कॉर्डाइट ही आपली धूरविरहित दारू आणली. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. अशी दारू तापली की जास्त वेगाने जळते. इंग्लंडच्या थंडीत बेताचा वाटणारा दारूचा भार हिंदुस्थानच्या किंवा आफ्रिकेच्या उन्हात डोईजड व्हायचा आणि पुंगळी चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या जागेला) चिकटून बसायची. समोर जखमी वाघ असताना बोल्ट न उघडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी कमी कॉर्डाइटची वेगळी काडतुसं भरली जाऊ लागली. रिग्बी कंपनीने 1911मध्ये काढलेल्या .416 काडतुसाची पुंगळी इतकी ऐसपैस आहे तीही याचसाठी: दारूला जागा मोठी, म्हणून दाब कमी, म्हणून उन्हातही पुंगळी सहज बाहेर. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात .303 काडतुसं बनत, त्यांच्या बुडावर 'के एफ' हा शिक्का असे. ती ज्या उन्हात वापरली जायची, त्या उन्हाचा हिशेब भरणाऱ्याला ठेवावाच लागे.

कारखान्याच्या मालातही दाब कसा बिघडू शकतो, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण 1921चं आहे. अमेरिकेत ओहायोतल्या कॅम्प पेरी इथल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी फ्रँकफर्ड आर्सेनल या सरकारी दारूगोळा कारखान्याने .30-06ची खास काडतुसं बनवली. तांबे-निकेलच्या वेष्टणाचा थर नळीत साचे, तो टाळायला गोळ्यांना कथिलाचा मुलामा दिला होता. माल अतिशय अचूक होता. पण नेमबाजांना जुनी सवय होती, साचणं कमी व्हावं म्हणून गोळी ग्रीसमध्ये बुडवायची. काही रायफलींचं नुकसान झालं तेव्हा दोष ग्रीसवर गेला. पुढे गोळ्या उपसून पाहिल्या तर त्या जागच्या हलेनात. कथील आणि पुंगळीच्या गळ्याचं पितळ न तापवताच झाळल्यासारखं जुळलं होतं. गळा फाकून गोळी सुटायला जी जागा लागते, ती ग्रीसने भरलेली. मग दाब चढणारच. दारू बरोबर, वजन बरोबर, तरीही धोका. पुढच्याच वर्षी स्पर्धेच्या काडतुसांना तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचं वेष्टण आलं.

मोजमाप सुधारलं तसा तांब्याचाही दोष उघड झाला. दाब कळसाला जाऊन उतरतो इतक्या थोड्या वेळात तांबं पुरतं चेपत नाही. स्फटिकावर चालणारी विद्युत उपकरणं आली आणि आकडे बदलले. अमेरिकेतल्या 'सामी' या काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या, 1926च्या संस्थेच्या तक्त्यात तांब्याच्या मापाने .308 विंचेस्टर आणि .223 रेमिंग्टन दोन्हींची मर्यादा 52,000 आहे. स्फटिकाच्या मापाने मात्र पहिल्याची 62,000 आणि दुसऱ्याची 55,000 पीएसआय (चौरस इंचावर पौंड). म्हणजे एका मापातून दुसऱ्यात नेणारा सरसकट गुणक नाही. त्यात युरोपची काडतूस-मानकांची संस्था 'सी.आय.पी.' आणि 'नाटो' पुंगळीवर वेगवेगळ्या ठिकाणी दाब मोजतात. .308शी जवळपास सारख्या असलेल्या 7.62 नाटो या लष्करी काडतुसाचा जुन्या पुस्तकांतला 50,000चा आकडा तांब्याचा आहे. तो .308च्या 62,000 शेजारी ठेवून लोक अजून वाद घालतात, आणि त्या वादातून चुकीची काडतुसं चुकीच्या रायफलीत जातात याचं मला फार वाईट वाटतं.

आता पुन्हा पुंगळीकडे. चपटी टोपी ही सगळ्यात कच्ची खूण. चेंबर जरा लांब असेल तर बार उडताना टोपी आधी मागे सरकते, मग पुंगळी मागे येऊन तिला बोल्टवर आपटते आणि ती चपटी दिसते. हे बेताच्या दाबालाही घडतं. खड्ड्याभोवतीची कडा बोल्टचं पिनेचं भोक मोठं असल्यानेही उठते. इजेक्टरचा ठसा, जड बोल्ट आणि सैल झालेलं टोपीचं घर या खुणा जास्त गंभीर आहेत, पण त्या पितळ हार मानल्यावरच दिसतात. पितळ मऊ की कडक यावर तो क्षण अवलंबून असतो, आणि तोवर मर्यादा बरीच मागे पडलेली असू शकते. घरच्या साधनांत वेगमापक जास्त उपयोगी. खोक्यावरचा वेग बहुधा लांब चाचणी-नळीतला असतो. आपल्या आखूड नळीतून त्याहून जास्त वेग येत असेल, तर ती जादा ताकद दाबातूनच आलेली असण्याचा दाट संशय धरावा.

बोल्ट जड झाला की गोळीबार तिथेच थांबवायचा. नळीत तेल किंवा पाणी होतं का, काडतुसं तापलेल्या गाडीत पडून होती का, चेंबरवरचं नाव आणि खोक्यावरचं नाव एकच आहे का, हे आधी बघायचं. उडालेल्या पुंगळ्या, उरलेली काडतुसं आणि खोकं एकत्र ठेवायचं. खोक्यावर लॉट नंबर छापलेला असतो. एकाच मिश्रणाची दारू, एकाच खेपेच्या टोप्या असा माल त्या नंबराखाली जातो, आणि कारखान्याला आपल्या चाचणी-नळीत तोच लॉट पुन्हा उडवून बघता येतो.