साताऱ्यातला फोटॉन सांगलीला निरोप धाडत नाही

‘गुंतलेल्या दोन फोटॉनांपैकी साताऱ्यातला फिरवला की सांगलीतला त्याच क्षणी फिरतो, म्हणजे निरोप प्रकाशाच्याही आधी पोचतो.’ वर्षानुवर्षे सांगितलं जाणारं हे विधान चूक आहे. (फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण; गुंतलेले म्हणजे ज्यांच्या मोजणीचे निकाल एकमेकांशी बांधलेले असतात असे.)

सांगलीत ध्रुवक (एका ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच पार जाऊ देणारी चकती) कुठल्याही कोनात ठेवा, फोटॉन पार होण्याची शक्यता ५० टक्केच. साताऱ्यात कुणी मोजो, न मोजो, कोन बदलो; सांगलीच्या वहीत हो-नाहीची तीच सरमिसळ. साताऱ्याचा निकालही हवा तसा निवडता येत नाही, मग निरोप लिहायचा कशावर? मेळ दिसतो तो दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर: कोन सारखे असतील तर १०० टक्के जुळणी, २२.५ अंशांच्या फरकाला सुमारे ८५, ४५ अंशांना ५०. आणि वह्या जुळवायला फोन लागतोच. सरळ रेषेतल्या सुमारे ११० किलोमीटरसाठी प्रकाशालाही ०.३७ मिलिसेकंद लागतात.

मग ‘एक चप्पल डावी निघाली की दुसरी उजवीच’ एवढंच का? नाही. ही चूक जास्त चकवणारी. उत्तरं चपलांसारखी आधीच ठरलेली असती, तर चार कोनजोड्यांच्या जुळणीवरून काढलेला एक ठरावीक आकडा २ च्या पुढे गेला नसता. याचं मूळ भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या १९६४ च्या प्रमेयात आहे. क्वांटम गणित २.८३ पर्यंत नेतं, आणि प्रयोगांनी २ ओलांडलेच. त्या कामाला २०२२ चं नोबेल मिळालं. मात्र फोटॉन साध्या प्रकाशतंतूतून पाठवले, तर तापमानानुसार त्यांचं ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) फिरतं. ते सतत दुरुस्त केलं नाही, तर आकडा २ च्या खाली घसरतो.

‘निर्वातात आभासी कण सतत जन्मतात-मरतात’ हेही असंच पसरलेलं चुकीचं विधान. ते फाइनमन आकृतीतल्या (कणांच्या परस्परक्रियेचं गणित मांडणाऱ्या चित्रातल्या) आतल्या रेषा, म्हणजे गणितातली पदं. कण टिपणारं कुठलंही उपकरण त्यांची नोंद करत नाही.